शेततळ्यातलं पाणी कुणाचं?

चांदवड तालुक्यात आमचा मळा आहे. त्यात एक शेततळं आहे, ४४ मीटर लांब आणि तेवढंच रुंद. एप्रिलमध्ये आजूबाजूचं सगळं रान करपलेलं असतं, तेव्हा हे निळंशार दिसतं. पाहुणे आले की धाकटा भाऊ त्यांना आधी तिकडंच नेतो. गेल्या ईदला पुण्याहून आलेल्या मामेभावाने विचारलं, "इतका पाऊस पडतो इथं?" भाऊ हसला. मला हसू आलं नाही.

नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांना त्र्यंबकेश्वर आणि गोदावरी आठवते. पण इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. आम्ही या कोरड्या बाजूचे. शेततळं म्हणजे खरं तर पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचा खड्डा. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तिचा हेतूही तोच होता. जास्तीत जास्त ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं आणि ५० हजारांपर्यंत अनुदान. आमचं तळं त्याच्या आधीचं, फळबागेच्या योजनेतलं 'सामूहिक' शेततळं. समूह म्हणजे अब्बा, चाचा आणि मी! तळ्याचा भराव जमिनीपासून इतका उंच आहे की शिवारातलं पाणी आत यायला वाटच नाही. पोटात प्लास्टिकचा कागद अंथरलेला, म्हणजे आतलं पाणी खाली मुरायचीही सोय नाही. मग भरतं कसं? पावसाळ्यात विहीर तुडुंब झाली की साडेसातची मोटर सुरू होते, ती थेट डिसेंबरपर्यंत. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आम्ही वर काढतो आणि उन्हात उघडं ठेवतो. त्यातलं किती वाफ होऊन जातं, ते तळ्याच्या कडेला उतरत जाणाऱ्या पांढऱ्या रेघांवरून कळतं.

भावाला दोष देणं सोपं आहे. पण द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये येते, ऐन उन्हाळ्यात. त्या वेळी पाणी नसेल तर पुढच्या हंगामाची काडीच तयार होत नाही. बाग उभी करायला घेतलेलं कर्ज मात्र पाण्यासाठी थांबत नाही. अब्बांच्या काळात इथं बाजरी आणि मठ होता. तो काळ परत आणा, असं मी शहरात नोकरी करून सांगणं शोभत नाही.

पण बांधाला बांध लागून आबांची विहीर आहे. आठ परस खोल, दगडाने बांधलेली. त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या दादांनी सावडीने खणलेली, एक हिवाळा त्यांची, दुसरा हिवाळा आमची. आमच्याकडे वर मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या थरांत आणि फटींमध्ये. बांधावर खूण आहे, खडकात नाही. आमच्या विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारलेत, त्यातलं एक आबांच्या रानाखाली जातं. ते मारलं तेव्हा मशीनवाल्याला पैसे मीच दिले होते.

आबांची विहीर पूर्वी मार्चअखेरपर्यंत टिकायची. आता संक्रांतीलाच तळ दिसतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचा कांदा पाण्यावाचून चालला होता, तेव्हा भावाने मोठ्या मनाने सांगितलं, "आबा, आमच्या तळ्यातून पाईप टाकून घ्या, पैसे नकोत." आबा म्हणाले, "माझंच पाणी मला उसनं देतो का रं?" रागावले नव्हते. तंबाखू मळत होते.

कायद्याने पाहिलं तर आमची काही चूक नाही. १८८२ च्या इझमेंट कायद्यापासून, आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क मालकाचा. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी आणली, पण ती गावाच्या विहिरीसाठी, शेजाऱ्याच्या नव्हे. पुढचा भूजल अधिनियम २००९ चा, राजपत्रात आला २०१३ मध्ये. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, म्हणजे दोनशे फूट. आमचं उभं बोअर ४५० फूट आहे. बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे निघून जाते. त्या बोअरच्या पाण्यात अम्मीची तूरडाळ शिजत नाही, चहावर साय धरते. पिण्याला आम्ही जार आणतो.

मक्तबमध्ये आम्हाला शिकवलं होतं की वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वजूला पाणी जपून घ्या. आणि पाणी, चारा, आग यांत सगळ्यांचा वाटा असतो. अब्बा आजही एका तांब्यात वजू करतात. तो तांब्या भरतात शेततळ्याच्या नळावरून.

तळ्याचा कागद आता विरलाय, दोन ठिकाणी फाटलाही. भावाला नवा ५०० मायक्रॉनचा टाकायचाय, बँकेचं प्रकरण तयार आहे. सातबाऱ्यावर माझंही नाव असल्याने सही लागते. मी त्याला म्हटलं, कागद टाकू, पण आबांच्या रानाखालचं ते आडवं बोअर आधी सिमेंटने बुजवू. तो म्हणाला, मग तळं अर्धंच भरेल, बाग अर्धी तोडावी लागेल, हप्ता कोण भरणार? हिशेब त्याचा बरोबर आहे. फॉर्म तीन आठवडे माझ्या बॅगेत आहे.