निसटलेला गाभा



भाषासर्वेक्षणाच्या घटकात 'नमुना' ही संज्ञा आपण अभ्यासली. मी ती वर्षानुवर्षे शिकवीत होतो. पण तिचा खरा अर्थ मला श्रीवर्धनजवळच्या एका सड्यावर उमगला.

रायगडच्या या किनारपट्टीत जांभ्याच्या थरात बॉक्साइट आढळते. ते जमिनीलगत असल्याने उघड्या खाणीतून काढता येते. तेथे आमच्या अभ्यासकेंद्राचे एक प्रौढ विद्यार्थी भेटले. त्यांनी पूर्वी भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे, मँगनीजच्या भूमिगत खाणीच्या परिसरात, ड्रिलिंगचे काम केले होते. ते म्हणाले, "सर, इथं खड्डा घेऊन बघता येतं. तिथं खाली उतरण्याआधी दगडालाच विचारावं लागतं."

विचारण्याची ती रीत त्यांनी समजावून सांगितली. पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्यांचे कण जडवलेले कडे बसवतात आणि नळी फिरवीत खडकात उतरवतात. मधला खडक कांडीसारखा नळीत शिरतो. हाच गाभा, कामगारांच्या बोलीत 'कोअर'. खनिजाचा थर उभट असेल तर भोक तिरपे घेतात, म्हणजे ते थराला छेदून पलीकडे जाते. कांड्या पेटीत क्रमाने मांडून खोलीचे आकडे लिहिलेले ठोकळे मध्ये ठेवतात. पुढे कांडी उभी चिरून अर्धी प्रयोगशाळेत पाठवतात व अर्धी जपून ठेवतात.

"खडक भुसभुशीत लागला तर?" मी विचारले.

"चुरा पाण्याबरोबर वाहून जातो. ३ मीटर खोदून २.४ मीटर कोअर आला, तर ८० टक्के लिहायचं आणि उरलेली जागा रिकामी दाखवायची. कांड्या सरकवून पेटी भरायची नाही. कधीकधी वाहून गेलेलंच चांगलं खनिज असतं."

मी निरुत्तर झालो. पीएच.डी.साठी मी याच किनाऱ्यावरील कोळी बोलीचे सर्वेक्षण केले होते. 'पाणी'चे 'पानी', 'डोळा'चे 'डोला' असे उच्चार बंदरावर निवांत बसलेल्या पुरुषांकडून टिपले. पाट्या घेऊन बाजाराकडे धावणाऱ्या बायकांना वेळ नव्हता, आणि मी थांबलो नाही. प्रबंधात मात्र ती 'कोळी समाजाची बोली' झाली. मी कांड्या सरकवल्या होत्या.

ड्रिलिंगमध्ये शेजारी दुसरे भोक घेता येते. त्या भेटीनंतर मीही टिपणवही घेऊन मासळी बाजारात गेलो. काही जणींनी भरभरून सांगितले. ज्या वृद्ध बाईंकडे सर्वजणी बोट दाखवीत होत्या, त्या मात्र दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. खडक वाट पाहतो. माणसे पाहू शकत नाहीत.

आपण लवकरच आपापल्या गावच्या बोलीवर प्रकल्प लिहाल. कोणाला विचारले हे लिहाच; कोणाला विचारायचे राहिले, का राहिले, यासाठीही एक परिच्छेद ठेवा. आपला अहवाल माझ्याकडे आला, तर मी तो परिच्छेद आधी वाचेन.