जुनी जावा आणि दोघे भाऊ

बंद पडलेले यंत्र चालू करणे कठीण, की दुरावलेली मने जुळविणे कठीण, असे कोणी विचारले तर आपण तत्काळ मनांचे नाव घेऊ. टिळकवाडीतील एका घरी गेली तीन वर्षे ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चाललेली मी पाहिली, आणि यंत्राकडून मनांना पुष्कळ शिकता येते असे मला दिसून आले. त्या कुटुंबाच्या संमतीनेच ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

यंत्र म्हणजे जावा मोटारसायकल. घरातील वडीलधाऱ्यांना हे नाव नवे नाही. प्राग शहरात १९२९ साली यानेचेक नावाच्या उद्योजकाने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. आपल्या कर्नाटकात म्हैसूर येथे १९६१ पासून ही गाडी तयार होऊ लागली. पुढे तिला ‘येझदी’ हे नाव मिळाले, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आले खरे, परंतु जुन्या जावाचे दोन सायलेन्सर आणि तो ओळखीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना जुनीच आठवते.

या घरचे वडील फिटर होते. त्यांनी ती गाडी जिवापाड जपली. रविवारी धाकटा टाकीवर, थोरला मध्ये आणि पत्नी मागे, असे चौघे मिस्साला येत. वडिलांच्या पश्चात वाटण्या झाल्या. भिंती मोजल्या गेल्या, भांडी मोजली गेली, आणि शेवटी दोघा भावांतील बोलणेही थांबले. थोरला खानापूरकडे राहावयास गेला. धाकटा आईसह तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या जुन्या घरी राहिला. वाटणीच्या यादीत एकच वस्तू नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडलेली जावा कोणालाच नको होती.

आईने मात्र एक वाक्य बोलून ठेविले होते : “ती गाडी दोघांची आहे.” धाकट्याने ती दुरुस्त करावयास घेतली, तेव्हा सुट्या भागांसाठी थोरल्याने आईच्या हाती पैसे पाठविले. निरोप मात्र पाठविला नाही.

बेळगाव हे ओतशाळांचे आणि लेथचे गाव आहे. येथे कुशल हातांची वाण नाही. तरीही काम तीन वर्षे चालले. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट धरून बसला होता. हातोडा मारला असता तर दोन्ही फुटले असते. म्हणून प्लगच्या छिद्रातून डिझेल ओतून आठ दिवस नुसती वाट पाहिली, आणि मग तो हळूच सुटला. सिलिंडरचे बोअरिंग झाले, थोडा मोठा पिस्टन बसविला, टाकीतील गंज काढला, पॉइंट घासून स्वच्छ केले. तरीही गाडी सुरू होईना.

एका वृद्ध मिस्त्रीने कारण सांगितले. या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण प्रथम खालच्या क्रँकच्या पेटीत येते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबून वर पाठवितो. म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. तिच्या दोन बाजूंस रबरी सील असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ते सुकून चिरतात आणि बाहेरची हवा आत शिरते. बाहेरून सारे चकचकीत, आणि आत न दिसणारी चीर! वाचकहो, कित्येक घरांत सणाला सारे एकत्र जेवतात, तरीही घर सुरू होत नाही, त्याचे कारण याहून निराळे असते काय?

सील बदलले. नोव्हेंबरात, परलोकवासीयांसाठी आपण प्रार्थना करतो त्या महिन्यात, आईने दोघांनाही बोलाविले आणि गाडीला आशीर्वाद देण्यासाठी मला निरोप धाडला. पवित्र पाणी शिंपडून झाले. धाकट्याने पेट्रोलची चावी उघडली आणि किक मारली. एकदा, दोनदा, पाचदा. इंजिन नुसते खोकले. तो घामाघूम होऊन उतरला आणि भावाकडे पाहून म्हणाला, “दादा, तू मार बघू.”

कित्येक वर्षांतील ते पहिले शब्द होते. या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो. तो कसा आत दाबून मागे वळवावा हे वडिलांनी थोरल्याला शिकविले होते. त्याने दुसऱ्याच किकेत इंजिन चालू केले. पांढरा धूर अंगणभर झाला, आईने क्रूसाची खूण केली. थोरल्याने आनंदाने मूठ पिळली, तोच धाकट्याने त्याच्या मनगटावर हात ठेविला. “दादा, सावकाश. पिस्टन नवा आहे. पहिले हजार किलोमीटर जपूनच चालवायची.”

मला या कथेतील सर्वांत मोलाचे वाक्य हेच वाटते. नवा पिस्टन आणि नव्याने कापलेला सिलिंडर यांचे अंग एकमेकांशी अद्याप जुळलेले नसते. पहिल्याच दिवशी वेगाने पळविले तर पिस्टन तापून फुगतो आणि जागच्या जागी जाम होतो. तीन वर्षांचे श्रम वाया जातात. म्हणून आरंभी तेल किंचित अधिक घालावे आणि वेग कमी ठेवावा.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मेजवानी झाली, हे आपण सारे जाणतो. थोरला भाऊ घरात आला की नाही, हे मात्र प्रभूने सांगितले नाही. मला वाटते, मेजवानीनंतरचे ते मैल आपणच चालावेत म्हणून प्रभूने ते मोकळे ठेविले.

ख्रिस्तसभा वाहनांना आशीर्वाद देते तो कशासाठी? आफ्रिकेत फादर ओट्टो फुर्मान १९२५ साली आजारी पडले आणि वाहनाअभावी वेळेवर उपचार न मिळाल्याने मरण पावले. त्यांचे मित्र फादर पॉल शुल्ते यांनी १९२७ साली मिशनऱ्यांना वाहने पुरविणारी ‘मिवा’ ही संस्था स्थापन केली. वाहनाचे मोल त्याच्या चकाकीत नसून, पलीकडे वाट पाहणाऱ्या माणसात आहे.

टिळकवाडीहून खानापूर सुमारे सव्वीस किलोमीटर. आता दर दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर ती जावा पिरनवाडी, मच्छे मागे टाकीत सावकाश तिकडे जाते. घराच्या वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि भाऊही फार बोलत नाहीत. परंतु मागल्या खेपेस थोरल्याने धाकट्याला जेवल्याशिवाय परत पाठविले नाही, असे आईने मला सांगितले.

ज्यांच्या घरी असा अबोला आहे, त्यांनी प्रथम हातोडा खाली ठेवावा आणि थोडे तेल ओतून वाट पाहावी. आणि इंजिन सुरू झालेच, तर घाई करू नये.