हिमोग्लोबिन साडेनऊ

प्रिय बाळा,

तुझा रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन साडेनऊ, बाईचं ते किमान 12 हवं. जिना चढताना लागणारा दम तू इतके दिवस कामाच्या दगदगीवर ढकलत होतीस. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मधेच बंद करू नकोस. आकडा जागेवर आला तरी अंगातला साठा भरायला पुढे काही महिने लागतात. शौचाला काळं होतं ते गोळीमुळेच, घाबरू नकोस.

रोज बीट आणि गुळाचा खडा खाते म्हणतेस. बीट जरूर खा, पण रक्त वाढेल या भरवशावर नको. त्याचा लाल रंग लोहाचा नव्हे. 100 ग्रॅम बिटात जेमतेम 1 मिलिग्रॅम लोह. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली बाईसाठी रोजचं 29 मिलिग्रॅम ठरवलं आहे, पुरुषासाठी 19. पाळीत रक्त जातं, म्हणून हा फरक. आणि आकडे एवढे मोठे, कारण धान्य-कडधान्यातल्या लोहाचा दहावा हिस्साही धड अंगी लागत नाही.

तुमच्याकडची बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, सगळं चांगलंच आहे. पण हात धुतल्याबरोबर तू चहा घेतेस ना, तिथे घोडं अडतं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आतड्याला ते घेता येत नाही. चहा सोड म्हणत नाही. जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी जाऊ दे. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. लिंबू पानात वाढलेल्या वरणावर पिळ, उकळत्या वरणात नको. मटकीला मोड आणल्याने लोह अडवणारं फायटेटही घटतं. आणि अळिवात लोह भरपूर, तरी त्याचे लाडू आपण बाळंतिणीसाठी राखून ठेवतो. का बरं? या थंडीत तू करून खा.

तुमचं घर माळकरी. मांस-अंडं नाही, आणि बी-12 जीवनसत्त्व भाजी-धान्यात नसतंच. दूध-दह्यातून काय मिळेल तेवढंच. त्याच्या कमतरतेनेही रक्त कमी होतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून तीही तपासणी करून घे.

आता मनातलं सांगते. तुझी आई आणि मी, सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायला बसायचो. तोवर डाळीचं पाणी आणि उसळीचा रस्सा उरलेला असायचा. भाकरी-चटणीवर पोट भरायचं. पोट भरलं म्हणून कुणाला काही वाटायचं नाही, आम्हालाही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. गरिबी हे त्याचं मोठं कारण आहेच. पण तुमच्या घरात कसली वाण नाही, आणि तरीही तू शेवटीच जेवतेस, हे मला मान्य नाही. यात त्याग वगैरे काही नाही, नुसती हेळसांड आहे.

हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. आणि उद्यापासून उसळ आधी तुझ्या वाटीत काढून ठेव, मग बाकीच्यांना वाढ.

तुझी,
मावशी