नव्या कापडाच्या दशा

गोधडीचे कापड आधी भिजवून घ्यावे, असे आपल्या आज्यांनी कधी सांगितले नाही. सांगायचे कारणच नव्हते. त्यांच्या गोधडीत नवे कापड होतेच कुठे? वर्षानुवर्षे नेसलेले लुगडे, म्हाताऱ्याचे धोतर, पोरांची झबली. दगडावर शेकडो वेळा आपटलेले ते कापड जेवढे आटायचे तेवढे आटून गेलेले असे, रंग सुटायचा तो सुटून गेलेला असे. लुगड्याला दोन्ही अंगांनी काठ, त्यामुळे दशा निघाल्याच तर पदराच्या टोकाला.

आता अंगावरच्या साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. आणि बचत गटांतल्या बायका विकायला गोधड्या शिवू लागल्यापासून गिऱ्हाइकाला वरचे कापड कोरे लागते. मग दुकानातून सुती कापड नाहीतर मांजरपाट येतो आणि तिथून घोळ सुरू होतो.

माझी सारी नोकरी कृषी खात्यात कापसावर बोलण्यात गेली. पण कापसाचा धागा पाण्यात पडल्यावर काय करतो, ते मी नीट पाहिले एका शेतकऱ्याच्या ओसरीवर. बोंडअळीचे सापळे बघायला गेले होते. घरातली सून डोळे पुसत होती. तिने गटाकडून कर्ज काढून चार गोधड्यांचे कापड आणले होते, दुकानातच सव्वादोन मीटरचे चार तुकडे करून घेतले होते. गिऱ्हाइकाने माप दिले होते ७ फूट, म्हणजे सुमारे २१३ सेंटीमीटर. सुनेने तुकडे ओढ्यावर नेले, साबण लावला आणि धोपाटण्याने चांगले बडवले. घरी आले ते दशांचे जंजाळ. सुतांची दोरी होऊन तिने कापडाला पीळ घातलेला.

“म्याडम, दुकानदारानं मापात मारलं बघा. आत्ता जाऊन इचारते त्याला,” ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, आधी टेप तर लाव.”

टेप लावला. पाण्याने आटले होते ९ सेंटीमीटर, आणि दोन्ही टोकांना चार-चार सेंटीमीटरच्या झिपऱ्या लोंबत होत्या. हाती राहिले २०८. दुकानदाराने मापात मारले नव्हते. भांडण टळले, पण कापड वाढेना. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. चारही गोधड्यांना दोन्ही टोकांकडून लाल पट्टी जोडली. गोधड्या गेल्या, गिऱ्हाईक खूशही झाले. मात्र पट्टीचे पैसे आणि दोन दिवसांची मेहनत सुनेच्या नफ्यातून गेली.

हे होते कशाने? मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. ते तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. पाण्यात खळ विरघळते, ताण सुटतो आणि धागा आखडतो. म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. काठाजवळ आडवा धागा वळसा घेऊन माघारी फिरतो, त्यामुळे काठ उसवत नाही. कात्रीने कापलेल्या टोकाला मात्र शेवटचा आडवा धागा नुसता टेकलेला असतो. चोळले, बडवले की तो निसटतो, मागून दुसरा, मग तिसरा. उभ्या धाग्यांच्या झिपऱ्या होतात, त्या एकमेकींत गुंततात आणि पिळताना आणखी धागे ओढून आणतात.

तेव्हा पहिली गोष्ट, दुकानात तुकडे पाडून घेऊ नका. सलग कापड आणा, सलग भिजवा. चार तुकड्यांना कापलेली टोके आठ, सलग कापडाला दोनच. त्या दोन टोकांना मशीनची नागमोडी टीप घाला. साध्या मशीनवर काठापासून बोटभर आत सरळ टीप घातली तरी दशा तिथे अडतात. मशीन नसेल तर सुई टोकावरून फिरवत गुंडाळी टाके घाला, दाट नकोत, अर्ध्या बोटाला एक पुरे. कोणी दातेरी कात्रीने टोक कापतात. त्याने दशा कमी होतात, पण धुण्यात ते टिपेइतके टिकत नाही. चारही कोपरे थोडे तिरके छाटावेत. पहिली दशी बहुधा कोपऱ्यातून सुटते.

मग कापड साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. धोपाटणे लांब ठेवा. इथे मळ काढायचा नाही, खळ काढायची आणि कापड आटवायचे आहे. पाणी दाबून काढा, पिळू नका. धुण्याच्या यंत्रात टाकायचे तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा. दांडीवर पसरताना हाताने उभे-आडवे सरळ ओढून घ्या. सुटलेली दशी कधी उपटू नका, एक धागा ओढला की सगळ्या पन्ह्याला चुणी पडते. कात्रीने कापा. गडद रंगाचे कापड वेगळे भिजवा. ओल्या कापडावर पांढरी चिंधी घासली की रंग जातो की नाही ते कळते.

आणि माप आधीच वाढवून घ्या. ७ फुटांच्या गोधडीला दुमडीसाठी ५ सेंटीमीटर, आटण्यासाठी ११-१२ आणि टोके छाटण्यासाठी ५ धरले तर तुकडा २ मीटर ३५ सेंटीमीटरचा लागतो. सव्वादोन मीटरवर दहा सेंटीमीटर जास्त. चार गोधड्यांना ४० सेंटीमीटर. त्या सुनेची लाल पट्टी याहून महाग पडली होती.

एक मात्र ध्यानात असू द्या. आत कृत्रिम धाग्याच्या जुन्या साड्या आणि वर न भिजवलेले सुती कापड, अशी गोधडी शिवली तर पहिल्याच धुण्यात वरचे कापड आखडते, आतले तसेच राहते. धावदोरा ताणून तुटतो आणि गोधडी फुगे आल्यासारखी दिसते. महिनाभराचे टाके त्यात वाया जातात. ती उसवून पुन्हा शिवणे हे नवी शिवण्यापेक्षा किचकट काम.