तो, तिथला तो आणि तोऽऽ तिकडचा

मराठी माणसाला स्पॅनिशमधलं लिंग फारसं छळत नाही. ‘हा डबा’, ‘ही वही’ जन्मापासून तोंडात असतं, त्यामुळे नाम बदललं की आधीचा दर्शक शब्दही बदलायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. आपलं घोडं अडतं ते ‘तो’वर.

मी खोपोलीत एका कारखान्याच्या निर्यात विभागात काम करते. दक्षिण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार वाढला, तेव्हा स्पॅनिश शिकायला घेतली. शिकवणी ऑनलाइन, बाई पुण्याच्या. कॉलेजात जाणारी भाचीही सोबत बसायला लागली. बाईंनी पहिल्यांदा तक्ता दिला: ‘हा’साठी एस्ते, ‘तो’साठी एसे आणि आणखी लांबच्या ‘तो’साठी आकेल. स्त्रीलिंगी एस्ता, एसा, आकेया. मग अनेकवचनांचा गोतावळा, एस्तोस, एस्तास वगैरे.

“बाई, मधलं म्हणजे नेमकं किती लांब?” भाचीनं विचारलं.

“फूटपट्टी लावू नकोस,” बाई म्हणाल्या. “ऐकणारा कुठे आहे ते बघ.” आणि त्यांनी चहाचा कप उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांच्यासाठी तो ‘एस्ता तासा’, हा कप. आमच्यासाठी तोच ‘एसा तासा’. मध्ये अख्खा बोरघाट असला तरी आम्ही ‘आकेया’ म्हणायचं नाही, कारण कप ऐकणाऱ्याच्या हातात आहे.

ऑफिसच्या पत्रांचा उलगडा मला त्या कपामुळे झाला. स्पॅनिश व्यापारी पत्रांत ‘एस्ता एम्प्रेसा’ म्हणजे लिहिणाऱ्याची कंपनी आणि ‘एसा एम्प्रेसा’ म्हणजे ज्याला लिहिलं त्याची. समुद्रापलीकडची असली तरी ‘एसा’च.

सराव मात्र तक्त्यावर होत नाही. आमचा झाला कर्जत-खोपोली लोकलमध्ये. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली, एवढीच ही फाट्याची लाइन. गाडीला गर्दी नसली की भाची सुरू व्हायची. माझ्या हातातलं तिकीट दाखवून, “मावशी, हे तुझं. मी काय म्हणू?” “एसे बियेते.” तिकीट तिच्या हातात दिलं की तेच ‘एस्ते’. खिडकीतून दिसणारा नागफणीचा डोंगर दोघींपासूनही लांब, म्हणून ‘आकेया मोन्तान्या’. घाटातून खाली उतरणारे टाटांचे पाइप ‘आकेयोस तूबोस’. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी त्या पाइपांतून येऊन खोपोलीच्या वीजगृहात 1915पासून वीज करतंय आणि पुढे पाताळगंगेत जातंय. आम्ही पाइपांच्या पायथ्याशी उभ्या राहिलो असतो, तर तेच पाइप ‘एस्तोस’ झाले असते.

तिसरी पायरी आपल्याला अगदीच परकी आहे असंही नाही. आपण ती व्याकरणात ठेवली नाही, गळ्यात ठेवली. ‘तो डोंगर’ आणि ‘तोऽऽ डोंगर’ यांतला फरक खोपोलीतलं पोरसुद्धा ओळखतं. स्पॅनिशनं त्या लांबवलेल्या स्वराला स्वतंत्र शब्द दिलाय, एवढंच.

खरा खड्डा ‘हे’मध्ये आहे. आपल्याकडे पुस्तक नपुंसक, म्हणून ‘हे पुस्तक’. स्पॅनिशमध्ये ‘एस्तो’ हे नपुंसकलिंगी रूप दिसलं की मराठी विद्यार्थी हमखास ‘एस्तो लिब्रो’ म्हणतो. ते चूक. स्पॅनिशमध्ये नपुंसक नाम नसतंच, म्हणून एस्तो, एसो, आकेयो यांच्यामागे कधीही नाम येत नाही. ते एकटेच उभे राहतात, वस्तूचं नाव माहीत नसेल तेव्हा किंवा घडलेली सबंध गोष्ट दाखवायची असेल तेव्हा. ‘हे काय?’ या आपल्या प्रश्नातला ‘हे’ म्हणजे एस्तो. ‘हे पुस्तक’ मधला मात्र एस्ते. आणि ‘एस्ते’चा शेवट एकारान्त असला तरी तो पुल्लिंगी एकवचनी आहे, आपल्या ‘हे आंबे’शी त्याची गल्लत करू नये.

दुसरा खड्डा पाण्याचा. आग्वा, म्हणजे पाणी, स्त्रीलिंगी. तरी त्याच्याआधी ‘एल’ हे पुल्लिंगी दिसणारं उपपद येतं, कारण सुरुवातीच्या ‘आ’वर आघात आहे. ते पाहून ‘एस्ते आग्वा’ म्हणायचा मोह होतो, आणि स्पॅनिश ज्यांची मातृभाषा आहे अशी माणसंही तसं बोलतात. बरोबर रूप ‘एस्ता आग्वा’च. ही सवलत उपपदापुरती आहे, दर्शकांना ती नाही.

माणसांच्या बाबतीत तर जपूनच. आमच्या आईच्या पिढीत ‘आमचे हे’ म्हणजे नवऱ्याचा मान. स्पॅनिशमध्ये समोर हजर असलेल्या माणसाला नुसतं ‘एस्ते’ म्हटलं तर तो अपमान समजला जाण्याची शक्यता जास्त. नामानंतर ‘एसे’ लावलं, ‘एल ओम्ब्रे एसे’, की त्यातही बहुतेक वेळा ‘तो कोण तो माणूस’ असा नाक मुरडणारा सूर येतो. गिऱ्हाइकाविषयी बोलताना मी सरळ आडनाव घेते.

रद्दीच्या दुकानातून जुनं व्याकरण आणलं असेल, तर सर्वनाम म्हणून आलेल्या एस्ते, एसे, आकेलच्या डोक्यावर तिरकी रेघ दिसेल. 2010च्या शुद्धलेखन नियमांत स्पॅनिश अकादमीनं ती गरजेची नसल्याचं सांगितलं आहे, तेव्हा ती घोकत बसू नका. एस्तो, एसो, आकेयो यांच्यावर तर ती कधीच नव्हती.