क्रिएटिनीनखालची ओळ

किडनीच्या रिपोर्टात क्रिएटिनीनच्या खाली हल्ली ‘ईजीएफआर’ अशी एक ओळ असते, मूत्रपिंडं मिनिटाला किती गाळतात याचा अंदाज. माझ्या लॅबच्या रिपोर्टात ती बरीच वर्षं नव्हती, आणि नव्हती ती केवळ माझ्या हट्टापायी. गावातले फिजिशियन मागत होते. सॉफ्टवेअरवाला म्हणायचा, ‘मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे.’ मी नाहीच म्हणत राहिले. लॅबनं मोजावं, अंदाज बांधू नयेत, असं माझं ठाम मत. क्रिएटिनीन आम्ही मोजतो. ईजीएफआर कुणीच मोजत नाही. क्रिएटिनीन, वय आणि लिंग सूत्रात घातलं की तो आकडा बाहेर येतो. त्याखाली सही मी का करायची?

हट्टामागे कारणं होती आणि ती मला आजही पटतात. मूत्रपिंडं मिनिटाला किती गाळतात हे खरोखर मोजायचं तर इन्युलिन शिरेतून देऊन तासन्‌तास रक्त-लघवीचे नमुने घ्यावे लागतात. रोजच्या कामात ते कोण करणार? म्हणून सूत्रं आली. १९७६चं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र २४९ रुग्णांवरून बेतलेलं, त्यातले जवळजवळ सगळे पुरुष. बायकांसाठी काय, तर उत्तराला ०.८५नं गुणा, झालं! पुढे १९९९मध्ये एमडीआरडी आलं, २००९मध्ये सीकेडी-ईपीआय. या दोन्हींत माणूस कृष्णवर्णीय असला की उत्तर वाढवायचं. २००९च्या सूत्रात १.१५९नं गुणून. अमेरिकेतल्या वंशांचे हे दोन खण, त्यात आमच्या ओपीडीतला माणूस बसवायचा कुठे?

तो गुणक २०२१मध्ये काढून टाकला. पण तोवर तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या किडन्या कागदावर होत्या त्याहून बऱ्या दिसत राहिल्या आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांची नावं उशिरा लागली. २०२३पासून तिथल्या प्रत्यारोपण केंद्रांना अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त करून द्यावा लागला. छापलेल्या अंदाजाचा माणसाला काय फटका बसतो, याचं मला आयतंच उदाहरण मिळालं. ते मी वादात पुरेपूर वापरलं.

मत हललं ते अशा वादांत नाही. एका दुपारी सह्यांच्या गठ्ठ्यात क्रिएटिनीन १.१चे दोन रिपोर्ट लागोपाठ आले. एक पंचवीस वर्षांचा मुलगा, नोकरीआधीच्या तपासणीसाठी आलेला. दुसऱ्या अडुसष्ट वर्षांच्या आजी. उंची १४८ सेंटीमीटर, वजन ४२ किलो, गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी. दोघांपुढे छापलेली नॉर्मल रेंज एकच, ०.६ ते १.२. त्यामुळे दोन्ही आकडे साध्या अक्षरात. बाहेर गेला असता तर ठळक झाला असता.

उगाच म्हणून २०२१च्या सूत्रात आकडे घातले. मुलाचे आले ९६. आजींचे ५५.

क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. आजींच्या हातापायांवर स्नायू ते किती उरलेले! तेवढ्याशा स्नायूंतून निघालेलं क्रिएटिनीनही रक्तात १.१पर्यंत साठत असेल, तर गाळणारा मागे पडला आहे. निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनीन रेंजच्या आत राहू शकतं, हे तर परीक्षेसाठी पाठ केलेलं.

मग माझे आक्षेप एकेक करून आजींना लावून बघितले. सूत्र अमेरिका-युरोपातल्या देहांवरून बेतलेलं, हा पहिला. कबूल, पण स्नायू कमी असलेल्या माणसात ते किडनी आहे त्याहून बरी दाखवतं, म्हणजे खरा आकडा ५५च्या खालीच असायची शक्यता. दुसरं, हा आकडा असतो १.७३ चौरस मीटर शरीर-क्षेत्रफळामागे. हे १.७३ म्हणजे १९२०च्या दशकातल्या अमेरिकी तरुणांची सरासरी. आजींचं क्षेत्रफळ भरतं १.३१. हिशेब केला तर त्यांच्या वाट्याला मिनिटाला ४२ मिलिलिटरच येतात. अंदाज कच्चा होता खरा, पण आजींच्या बाबतीत त्याचा कच्चेपणा सगळा एकाच बाजूला झुकलेला होता. आणि मी मोठ्या निष्ठेनं छापत आलेली रेंज त्याच बाजूला त्याहून जास्त झुकलेली. ती तर आजींना काहीच झालेलं नाही म्हणत होती.

त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. गोळी बंद झाली आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी लिहून आली. ती खरं तर क्रिएटिनीनबरोबरच व्हायला हवी, पण आपल्याकडे रक्त द्यायला लोक उपाशीपोटी पहाटे येतात आणि लघवीची बाटली पुढे केली की कपाळाला आठ्या पडतात.

‘मोजलेलं’ या शब्दाचा माझा अभिमानही जरा उतरला. क्रिएटिनीनची स्वस्त पद्धत अजून याफेचीच आहे, १८८६ची. पिक्रिक आम्लाचा पिवळाधमक द्राव, त्यात सीरम पडलं की नारिंगी छटा चढते आणि यंत्र ती छटा वाचतं. आता ती छटा काही एकट्या क्रिएटिनीनची नसते. कीटोन वाढले की आकडा वर सरकतो, काविळीतलं बिलिरुबीन त्याला खाली ओढतं. एन्झाइमची पद्धत अधिक नेमकी, पण महाग. एका लॅबमध्ये १.१ आणि दुसऱ्या लॅबमध्ये १.३ आलं म्हणून घाबरून आलेले लोक माझ्यासमोर बसतात, तेव्हा मोजमाप आणि अंदाज यांत मी मानत होते तेवढं अंतर उरत नाही.

मधल्या काळात नव्या बायोमार्करची माहितीपत्रकंही टेबलावर येत राहिली. एनगॅलनं २००५मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांमध्ये किडनीची इजा दोन तासांत दाखवली, तेव्हा आता क्रिएटिनीनचे दिवस भरले असं वाटलं होतं. सरसकट मोठ्यांच्या आजारपणात त्याला तेवढं यश आलं नाही, आणि हळूहळू झिजणाऱ्या किडनीसाठी ते नव्हतंच. उपयोगाचं आहे ते सिस्टॅटिन सी. ते जवळजवळ सगळ्याच पेशींतून येतं, त्यामुळे स्नायूंचा प्रश्न बराचसा मिटतो. थायरॉइड, स्टेरॉइड, स्थूलपणा हे त्यालाही बहकवतात. तरी दोन्ही मिळून काढलेला आकडा एकट्या क्रिएटिनीनच्या आकड्यापेक्षा भरवशाचा, असं २०२४ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. आमचा नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि खर्च पेशंटच्या खिशातून होतो, म्हणून अगदी बारीक किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठीच मी तो सुचवते.

ओळ आता मी छापते. ‘सूत्रावरून काढलेला अंदाज’ हे शब्दही त्याच टाइपात, बारीक करून नाही. किडनीविकाराची स्टेज मात्र छापत नाही, कितीही मागणी झाली तरी. जुनाट विकार म्हणायला निदान तीन महिने बिघाड टिकलेला दिसावा लागतो. जुलाबांनी कोरड्या पडलेल्या माणसाच्या एका नमुन्यावरून ते कसं ठरवणार? शिवाय अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांचा आकडा ५६, लघवीत अल्ब्युमिन नाही, वर्षभरात आकडा हललेला नाही. त्यांना ‘स्टेज ३’ म्हणायचं का, यावर नेफ्रॉलॉजिस्टांमध्येच एकमत नाही. वयाप्रमाणे उंबरठा बदलावा असं त्यांच्यातले काही जण म्हणतात. मी निदान सध्या तरी त्यांच्या बाजूची आहे.