गाडी सकाळी स्टार्ट घेत नाही? पंप खोलण्याआधी टाकीपासून बघत या

आजची नोंद पिकाची नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीची आहे.

आपल्या बदनापूर, अंबड, घनसावंगी भागात मृग बहाराची मोसंबी तोडणीला येते तेव्हा पहाटेची थंडी अजून गेलेली नसते. आदल्या संध्याकाळी माल भरून ठेवायचा अन् पहाटे जालन्याचा रस्ता धरायचा. त्याच वेळी डिझेल गाडी अडून बसली तर सौदा हुकतो, मालाचं वजन घटतं, वर भाड्याच्या गाडीचा खर्च. म्हणून हा विषय.

आमचा माल वाहणारा टेम्पो जुना, साध्या पंपाचा. मागच्या माघात रोज सकाळी दहा-पंधरा सेल्फ मारल्याशिवाय चालू होईना. एकदा चालू झाला की मात्र दिवसभर अर्ध्या सेल्फवर. मिस्तरी म्हणाला, "भाऊ, पंप अन् नोझल दोन्ही खोलावे लागतील." म्हणजे पाच आकडी खर्च अन् तीन-चार दिवस गाडी उभी, ती पण ऐन तोडणीत. त्याला म्हणलं, दोन दिवस थांब, आधी टाकीकडून बघू.

कारण साधं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, त्या दाबानं ती तापते अन् त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. म्हणजे तीनच गोष्टी लागतात: इंजिन जोरात फिरलं पाहिजे, हवा तापली पाहिजे, डिझेल वेळेवर पोचलं पाहिजे. यातलं काय कमी पडतंय ते पैसे न घालता बरंच कळतं. आम्ही या क्रमानं गेलो:

१) बॅटरी. सेल्फ जड फिरत असेल तर पुढचं काही बघू नका. आधी बॅटरीचे टर्मिनल अन् अर्थिंगची वायर घासून घट्ट करा. इंजिन हळू फिरलं की दाबलेल्या हवेची उष्णता निघून जाते. आमचा सेल्फ चांगला फिरत होता.

२) धूर. सेल्फ मारताना एकानं सायलेन्सरजवळ उभं राहायचं. धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग बघायचं. आमच्याकडे पहिल्या सात-आठ सेल्फला धूर अजिबात नव्हता.

३) हातपंप. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारण्याआधी फिल्टरजवळच्या हातपंपानं वीस-पंचवीस दाब दिले. सुरुवातीला हातपंप पोकळ लागला, मग जड झाला. गाडी पहिल्या सेल्फला चालू! इथंच निम्मं निदान झालं. हीटर, कॉम्प्रेशन, मोठा पंप हे गुन्हेगार असते तर नुसत्या हातपंपानं फरक पडला नसता. झिजलेला पंप तर बहुतेक वेळा इंजिन गरम असताना जास्त छळतो. आमची गाडी गरम असताना गुणी होती. म्हणजे रात्रीतून डिझेल मागं टाकीत उतरत होतं अन् नळीत हवा भरत होती.

४) कॅनची परीक्षा. हवा कुठून शिरते ते शोधायला टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडली. त्या जागी नवी पारदर्शक नळी लावून तिचं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलं, हवा काढली अन् गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी लगेच चालू, नळीत एक बुडबुडा नाही. म्हणजे दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात.

शेवटी सापडलं ते टाकीजवळच्या क्लिपखाली: रबरी नळी कडक होऊन बारीक चिरलेली. खाली डिझेलचा थेंब नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. हे विहिरीवरच्या मोटारीसारखं आहे. सक्शन पाइपाला चीर असली तर पाणी बाहेर गळत नाही, मोटारच हवा ओढते अन् पाणी फेकत नाही. फीड पंपाच्या मागची बाजू पण ओढणारी असते. तिथं ओल शोधू नका, हवा शोधा. टाकी पाव भागावर आली की त्रास वाढत असेल, तर संशय आणखी पक्का.

दोन फूट नळी, दोन क्लिपा, फिल्टरच्या बोल्टांचे तांब्याचे वायसर. काही शेकड्यांत काम झालं. पंप अजून खोललेला नाही.

आता दोन इशारे. पहिला: हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या गाडीसाठी. कॉमन रेल गाड्यांत, अन् १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या जवळपास सगळ्या त्यातल्याच, रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर नोझलची नळी ढिली करू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. तिथं स्कॅनर असलेला मिस्तरीच बोलवा. दुसरा: हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा टाकीखाली जाळ करणं, हे दोन्ही उद्योग बंद.

अन् ज्यांच्याकडे शेतात डिझेलचा ड्रम आहे त्यांनी तो जरा तिरका ठेवावा, तळाचं डिझेल ओढू नये. पाणी अन् गाळ तळाशीच बसतो. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडून वाटीभर डिझेल काचेच्या बाटलीत बघा. खाली पाण्याचा थर दिसला तर फिल्टर बदला अन् टाकी साफ करून घ्या. तोडणीच्या आधी एवढं झालं तर पहाटे गाडी ढकलायला माणसं गोळा करावी लागणार नाहीत.